उसनी टिकली

मला काहीही झालेलं नव्हतं, हे आधी सांगून ठेवतो. एकवीस मे, सकाळचे नऊ बेचाळीस, कुंभार्ली घाट, बसमध्ये एकेचाळीस प्रवासी आणि चालकाच्या सीटवर मी, महेंद्र शिगवण, वय बावन्न, अगदी ठणठणीत. नाचणीच्या दोन भाकऱ्या आणि काळ्या वाटाण्याची आमटी खाऊन निघालो होतो. मागच्या वळणावर अंगावर आलेल्या ट्रकवाल्याला मनातल्या मनात दोन शिव्याही घालून झाल्या होत्या. म्हणजे तब्येत उत्तमच म्हणायची.

आणि समोरच्या पडद्यावर लाल पट्टी आली. ‘चालक म. शिगवण. हृदयविकाराचा तीव्र धोका. गाडी ताब्यात घेत आहोत.’

स्टिअरिंग हातातल्या हातात ताठ झालं. बस आपणहून हळू झाली, आपणहून डावा सिग्नल दिला, आणि वळणावरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. ब्रेक लागला, दार उघडलं. बावीस वर्षांत मी माझी गाडी कुणाच्या ताब्यात दिली नव्हती. ह्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांनी ती मला न विचारता घेतली.

आमची कंडक्टर प्राजक्ता सुर्वे मागून धावत आली. तिशीची मुलगी, पण डोकं शांत. "काका, हात सोडा. हळू उठा. खाली झोपायचंय."

"अगं, मला काही होत नाहीये."

"सगळे असंच म्हणतात काका. झोपा."

मी छातीवर हात नेला. गळ्याच्या हाडाखाली, जिथं टिकली असायला हवी, तिथं नुसता डिंकाचा चिकट डाग होता. टिकली पाच दिवसांपासून माझ्या बायकोच्या छातीवर होती.

आता ही टिकली काय भानगड आहे ते सांगायला हवं. सरकारी कागदावर तिचं नाव भलं भारदस्त आहे, पण डेपोत सगळे टिकलीच म्हणतात. रुपयाच्या नाण्याएवढी चकती. खालच्या बाजूला केसाहून बारीक चाळीस सुया, टोचतात ते कळतसुद्धा नाही. कातडीखालचं पाणी त्या चाखत बसतात. डेपोतल्या शिबिरात डॉक्टर तहसीन परकार यांनी आम्हाला ते समजावून सांगितलं होतं. साखर वर्षानुवर्षं रक्तात जास्त राहिली की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खरबरीत होतं. त्यावर चरबीचा थर धरतो. एक दिवस तो थर फुटतो, तिथं रक्त गोठतं आणि वाट बंद होते. हृदयाची वाट बंद झाली तर झटका, मेंदूची झाली तर लकवा. पूर्वी हे कळायचं ते वाट बंद झाल्यावर. पण थर एकदम फुटत नाही. आधी दोन-तीन दिवस त्याला बारीक भेगा जातात आणि त्याचे कण रक्तात सुटतात. टिकली ते कण मोजते, हृदयाचे ठोके ऐकते आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा काढते. चाळीसच्या आत हिरवा, पंचाहत्तरपर्यंत पिवळा, त्यापुढं लाल.

चांगली वस्तू आहे. आमच्या डेपोतली तीन माणसं तिच्यामुळं आज चालतीबोलती आहेत, हे मी नाकारत नाही. पण तिच्या मागोमाग नियम आला. साखरेचा आजार असलेल्या चालकानं दर तीन महिन्यांनी दहा दिवस टिकली लावायची. लागोपाठ दोनदा पिवळा आला तर सहा महिने स्टिअरिंग बंद, लाल आला तर कायमचं. आमच्या निवात्याचा लाल आला. बिचाऱ्याच्या छातीत वेळेवर स्टेंट बसला, तो जिवंत आहे, दोन वेळा पोटभर जेवतो. पण जो माणूस भर धुक्यात ह्या घाटातून गाडी लीलया काढायचा, तो आता चौकशीच्या खिडकीत बसून पाटणची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगतो. त्याला तिथं बसलेला बघितल्यापासून आम्ही आजाराला भ्यायचं सोडून दिलं आणि रंगाला भ्यायला लागलो.

फेब्रुवारीत माझा आकडा अठ्ठावन्न आला होता. पिवळा. आणखी एकदा पिवळा म्हणजे निवात्याच्या शेजारची खुर्ची.

मग डेपोत जे बरेच जण करत होते, तेच मीही केलं. टिकली दवाखान्यात लावतात, आणि तिनं तुमची नाडी ओळखली की नाही हे बघायला तासभर बसवून ठेवतात. त्यानंतर ती कुणाच्या छातीवर आहे हे ती पुन्हा बघत नाही. नव्या टिकल्या बघतात म्हणे, आमच्याकडच्या जुन्या होत्या. घरी यायचं, कडेनं कोमट खोबरेल सोडायचं, खालून दोरा फिरवायचा की चकती अलगद सुटते. दोन मिनिटांत ती दुसऱ्या धडधाकट माणसाला लावायची. यंत्राला वाटतं, गडी अंघोळीला गेला होता. आमच्या डेपोतल्या निदान सहा चालकांच्या टिकल्या त्यांच्या बायकांच्या छातीवर असायच्या. ह्याला आम्ही उसनी टिकली म्हणायचो आणि त्यावर आणखी कुणी काही बोलत नसे.

यंत्र तुमचा ठावठिकाणाही बघत नाही. बघणार होतं, पण आमच्या युनियननं त्याविरुद्ध मोर्चा काढला. ड्युटी सोडून आम्ही कुठं जातो ते सरकारला कशाला हवं, म्हणून मी स्वतः पुढं राहून घसा फोडला होता. शेवटी तडजोड झाली. चालक ड्युटीवर असेल तर बस जिथं तिथं चालक, असं यंत्रानं धरून चालायचं.

कल्पना दर्शनाचीच होती. मी दवाखान्यातून आलो, तोंड पाडून पडवीत बसलो, तर ती खोबरेलाची वाटी घेऊनच बाहेर आली. म्हणाली, "आणा इकडे. माझ्या छातीवर लावा. मला काय धाड भरलीय?"

खरंच, सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तिला धाड भरलेली बघितली नव्हती. ताप आला तरी चूल पेटलेली असायची. गोळ्यांचं पाकीट घरात होतं ते माझं. मी तिला टिकली लावली आणि बिनघोर झालो.

असो. तर मी बसमध्ये दोन सीटच्या मधल्या जागेत उताणा पडलो होतो आणि पाटणला निघालेल्या एक आजी मला पदरानं वारा घालत होत्या. प्राजक्तानं रक्त पातळ करायची एक गोळी तोंडात कोंबली आणि म्हणाली, "चघळा काका, गिळू नका." वरच्या पडद्यावर डॉक्टर परकार आल्या. चिपळूणच्या नियंत्रण कक्षात त्या दिवशी नेमकी त्यांचीच पाळी होती.

"शिगवण, मी परकार. घाबरू नका. आकडा एक्याण्णव आहे. शिरगावातून रुग्णवाहिका निघालीय, चौदा मिनिटांत तुमच्यापाशी येईल. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिच्यातच आहे. फक्त हलू नका."

खोटं कशाला बोलू, मला पहिला विचार दर्शनाचा आला नाही. पहिला विचार आला तो असा की मेलो, आता पकडले जाणार. दुसरा आला की मशीन बिघडलं असणार, सरकारी कामच ते. दर्शनाचा विचार तिसरा होता. हा क्रम मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिला, पण तो बदलत नाही.

"काकूंना मी फोन लावू?" प्राजक्तानं विचारलं.

"नको, मीच लावतो." मी घाईनं म्हटलं.

पहिल्यांदा नुसती रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा तिनं उचलला. "हं, बोला. हात सगळे आमसुलांनी भरलेत."

मी तोंडावर हात धरून हळूच म्हटलं, "दर्शना, ती लाल झालीय."

"कोण?"

"ती. तुझ्याजवळची."

एकदम तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला पकडलं?"

"अजून नाही. तू सांग, छातीत दुखतंय?"

"छातीत कशाला दुखेल? कालपासून पित्त झालंय तेवढंच. मळमळतंय. घाम येतोय, पण मे महिन्यात घाम कुणाला येत नाही? आमसुलाचं पाणी घेतलंय मी." मधेच थांबून तिनं श्वास घेतला. "हे बघा, तुम्ही गप्प राहा. म्हणावं मशीन बिघडलंय. एवढ्याशासाठी लायसन्स घालवू नका."

"तुला धाप का लागलीय?"

"आत्ता पायऱ्या चढून आले ना."

आमच्या पडवीला पायऱ्या तीन आहेत. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरीही मी म्हणालो, "काढून टाक ती."

"काढते. तेल आत आहे, घेऊन येते." तिनं फोन ठेवला.

दोन मिनिटांचं काम. ती टिकली काढेल, पडदा रिकामा होईल, मी म्हणेन बघा डॉक्टर, बिघाडच होता. रुग्णवाहिकावाले येतील, मला तपासतील, मी धडधाकट निघेन, आणि डेपोतही सगळं निभावून जाईल. मी पडल्यापडल्या हे सगळं जुळवून ठेवलं.

"ठोके ऐकवते," परकार प्राजक्ताला म्हणाल्या. "तुम्ही मनगट धरून बसा. मधे अंतर पडलं तर मला सांगा." आणि बसच्या स्पीकरवर ठोके वाजायला लागले.

टिक, टिक, टिक. खूप जलद. मग एक गाळलेला. मग दोन एकावर एक आलेले. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याला एका प्रवाशानं खिडकीतून झापलं. आजींनी वारा घालणं थांबवलं आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. एकेचाळीस माणसं माझ्या बायकोचं हृदय ऐकत होती, आणि ते तिचं आहे हे त्या बसमध्ये एकट्या मला माहीत होतं.

प्राजक्ताची बोटं माझ्या मनगटावर होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं बोटं जरा सरकवून पुन्हा नाडी शोधली. तिला लागणारी नाडी आणि कानावर पडणारा ठोका जुळेनात. तिनं माझ्याकडं बघितलं, मी डोळे मिटून घेतले.

दोन मिनिटं झाली, तीन झाली. टिकटिक चालूच. मी पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तेल घ्यायला आत गेली असेल, मी मनाला सांगितलं. हात धुवत असेल. वाटी सापडत नसेल. चौथं मिनिट, पाचवं, सहावं. पुन्हा फोन. आमचं घर अलोऱ्यात, रस्त्याला लागूनच्या पाखाडीत. शिरगावाहून घाटात येणारी गाडी आमच्या पाखाडीच्या तोंडावरूनच वर येते. रुग्णवाहिका माझ्या घरासमोरून माझ्याकडं येत होती. सायरन तिलाही ऐकू गेला असणार. तिला वाटलं असेल, माझ्यासाठीच चाललीय.

"शिगवण," परकार म्हणाल्या, "छातीत दुखतंय का?"

"नाही."

"मुळीच नाही?"

"नाही डॉक्टर. म्हणूनच म्हणतो, मशीन..."

"मशीनचं राहू द्या. नीट ऐका. साखर जुनी झाली की ती नसाही बधिर करते. पायाला जखम झालेली कळत नाही ना, तसंच हृदयाचं होतं. ते गुदमरत असतं आणि त्याची ओरड वरपर्यंत पोचतच नाही. साखरवाल्या कितीतरी माणसांना झटका येतो तो न दुखता येतो. बायकांमध्ये तर फारच. मग माणूस म्हणतो, थकवा आलाय, घाम आलाय, पित्त झालंय. आणि आमसुलाचं पाणी पीत घरी बसतो."

त्यांनी हे आपलं सहज म्हटलं होतं. कोकणातल्याच त्या, त्यांच्या आईनंही पित्तावर आमसुलाचं पाणीच दिलं असणार.

स्पीकरवर एक ठोका गळला. मग दुसरा. मग इतका वेळ काहीच नाही की आजी देवाचं नाव घ्यायला लागल्या. मग पुन्हा सुरू झाले, वेडेवाकडे.

मी उठून बसलो. "डॉक्टर, हे ठोके माझे नाहीत."

"झोपा, शिगवण."

"माझे नाहीत. टिकली माझ्या बायकोच्या छातीवर आहे. मीच लावली. ती अलोऱ्यात घरी एकटी आहे आणि फोन उचलत नाही. गाडी मागं फिरवा. पाया पडतो, गाडी मागं फिरवा."

मी शर्टाची बटणं तोडून छाती उघडी केली. परकारांनी मान वळवून कुणाला तरी पत्ता सांगितला, आणि मला म्हणाल्या, "शेजारी कोण आहे? फोन लावा. घरात तुमची रक्त पातळ करायची गोळी आहे तीच चघळायला द्यायची म्हणावं. शुद्ध असेल तरच."

घड्याळात नऊ त्रेपन्न झाले होते. अकरा मिनिटं.

रुग्णवाहिका आमच्या खाली तिसऱ्या वळणावर होती. घाटात दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग, वळवायला जागा नाही. प्राजक्ता खाली उतरली आणि तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच हलवत रस्त्याच्या मधून पळत गेली. प्रवासीही उतरले. आजी सोडून सगळे. कुणी ट्रक मागं घ्यायला लावत होतं, कुणी नुसतं ओरडत होतं. मी बसच्या स्टिअरिंगला धरून झटापट करत होतो. ते दगडासारखं घट्ट होतं. ही बस मला दिली असती तर मी सहा मिनिटांत घरी पोचलो असतो. पण ती माझ्या जिवाला जपत उभी होती.

शेजारच्या कुंदा वहिनींनी फोन उचलला. त्या आमच्या अंगणात पळत गेल्या ते मला ऐकू येत होतं, मग त्यांची किंकाळी ऐकू आली. "अहो भावजी, रक्त."

रक्त नव्हतं. तो कोकमाचा रस होता. दर्शना पडवीत वाळवणाच्या चटईवर आडवी झाली होती, कोपरापर्यंत लाल हात, आणि शेजारी खोबरेलाची वाटी उपडी. टिकली कडेनं अर्धी सुटलेली होती. मी सांगितलं तसं ती काढायला बसली होती. ती पुरती निघाली असती तर ठोके बंद पडले असते, आणि मी खुशाल म्हणालो असतो की मशीन बिघडलंय.

कराडहून कांदे घेऊन येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं मला खाली आणलं. पोचलो तेव्हा रुग्णवाहिका तिला घेऊन निघून गेली होती. अंगणात आमसुलं पसरली होती आणि त्यांच्यावर बुटांचे ठसे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिपळूणच्या इस्पितळात परकार स्वतः आल्या. आदल्या दिवशी इंजेक्शन गाडीतच दिलं होतं आणि चिपळूणला पोचल्यावर स्टेंट बसवला होता. दर्शना पडद्यापलीकडं झोपली होती. परकारांच्या हातात कागद होते.

"यांना साखर कधीपासून आहे?"

"हिला? हिला साखर नाही."

"तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दहाच्या वर आहे, साडेसहाच्या आत हवी. ही आजकालची नव्हे. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरही खुणा आहेत. दहा-पंधरा वर्षं तरी झाली असतील."

"मला माहीत नाही."

"बाळंतपणात साखर वाढली होती का?"

"माहीत नाही."

"पाळी कधी गेली? रक्तदाब? वडिलांना हृदयाचा त्रास?"

वडिलांचं सांगता आलं. बाकी सगळ्यांपुढं त्यांनी रेघ मारली. स्वतःचं विचारलं असतं तर मी अकरा वर्षांचे आकडे धडाधड म्हणून दाखवले असते, कारण ती ते वहीत लिहून ठेवायची आणि मला वाचून दाखवायची. माझ्यासाठी वेगळी नाचणीची भाकरी, माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा, माझ्या पायाची बोटं रोज रात्री बघायची. आणि स्वतः उरलेला भात, उरलेलं गोडाधोडाचं, टाकवत नाही म्हणून. हे मी रोज समोर बघत होतो.

"हृदय किती वाचलं?" मी विचारलं.

"साठ टक्के जोरानं रक्त ढकलायला हवं. पस्तीसनं ढकलतंय. औषधांनी थोडं वाढेल. आंब्याच्या पेट्यांसारखं जड काही आता त्यांनी उचलायचं नाही."

"आणि मी अकरा मिनिटं आधी बोललो असतो तर?"

परकारांनी कागद आवरले. "तसं मला सांगता येणार नाही. फरक पडला असता, एवढंच." मग त्या जाताजाता वळल्या. "तुमच्यावर मी रागावले आहे, शिगवण. पण एक खरं आहे. ही टिकली त्यांच्या छातीवर नसती तर त्या पडवीत संध्याकाळी सापडल्या असत्या. कुणी म्हटलंही नसतं की हृदय होतं म्हणून."

परिवहन कचेरीतला माणूस सकाळीच जबाब घेऊन गेला होता. लायसन्स जन्मभरासाठी रद्द. मी सही केली. त्यानं नियमाप्रमाणे माझ्या छातीवर नवी टिकली लावली होती, ह्या वेळी खरोखरच माझ्या. दुपारी तिचा आकडा आला. एकतीस. हिरवा. तीन महिने दर्शनानं माझ्या ताटावर पहारा केला होता, त्याचा तो आकडा होता. टिकली मी उसनी दिलीच नसती तरी मी पास झालो असतो.

चारच्या सुमारास तिला जाग आली. ओठ कोरडे पडले होते. मी चमच्यानं पाणी दिलं आणि तिचा हात हातात घेतला. कोकमाचा रंग अजून नखांत होता.

"जेवलात?" तिनं विचारलं.

"हो." जेवलो नव्हतो.

"लायसन्स?"

"गेलं."

तिनं डोळे मिटले. "मी म्हटलं होतं ना, गप्प राहा म्हणून. कशाला बोललात?"

खरं तर हे इथंच संपवता आलं असतं. तिच्या नजरेत मी तिच्यासाठी सगळं घालवून बसलेला नवरा होतो. प्राजक्तानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. आजी पाटणला गेल्या होत्या. अकरा मिनिटं फक्त कंट्रोल रूमच्या नोंदीत होती, आणि ती नोंद दर्शना कधी वाचणार नव्हती.

"लगेच नाही बोललो," मी म्हणालो. "अकरा मिनिटं गप्प बसलो होतो."

"मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"तू सांगितलंस म्हणून नाही बसलो. तुला धाप लागलेली मला फोनवर कळली होती. तुझे ठोके सगळ्या बसला ऐकू येत होते, मलाही येत होते. लायसन्ससाठी गप्प बसलो."

ती वर छताकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातून आपला हात सावकाश काढून घेतला आणि चादरीखाली ठेवला. मी तो परत मागितला नाही. तिच्या गळ्याच्या हाडाखाली नवी टिकली होती, आणि उशाशी लावलेल्या पडद्यावर पहिल्यांदाच तिचं स्वतःचं नाव होतं. दर्शना महेंद्र शिगवण. आकडा त्रेसष्ट, पिवळा.

मग नर्स आली, दुपारचा तोच कागद घेऊन. रेघा मारलेल्या जागा भरायच्या राहिल्या होत्या. तिनं पेन उघडलं आणि दर्शनाला विचारलं, "काकू, साखर कधीपासून आहे, काही अंदाज?"

"मुलगी पोटात होती तेव्हा निघाली होती," दर्शना म्हणाली. "चोवीस वर्षं झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दरवर्षी तपासून घ्या. पहिल्या वर्षी तपासली, थोडी होती. मग राहूनच गेलं."

"घरी कुणी आठवण नाही करून दिली?"

"कुणी विचारलंच नाही."

हे तिनं सांगितलं नर्सला, पण बघत होती माझ्याकडं.